खाली पडलेली वडी

"बघा! तुम्हीच बघा आणि सांगा!" म्बाक वुरीनं मोबाइल टेबलावर असा आपटला की तुगिमानच्या कपातला आल्याचा चहा बशीत सांडला.

इबू वेनिंगनी चष्मा नाकावर चढवला. पडद्यावर एक तरुण गळा काढून ओरडत होता. "लोकहो, हेच ते जोग्या शहरातलं नावाजलेलं गाड्यांचं सलून! मातीची वडी जमिनीवर पडली, तिला वाळू लागली, आणि या बाईनं तीच उचलून माझ्या काकांच्या गाडीवर घासली!" त्याच्या हातात वाळूनं माखलेली निळी वडी होती. मागे जुन्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर ओरखड्यांचं जाळं उन्हात चमकत होतं.

"गावभर फिरतोय हा व्हिडिओ," वुरी म्हणाली. "खाली लोक काय लिहितात, वाचा. बाईनं लाटणं सोडून गाडीला हात लावला की असंच होणार, म्हणे! मेल्यांनो, तुमच्या गाड्या चकाचक करून दिल्या तेव्हा लाटणं आठवलं नाही ते?"

जोग्यात वडीलधारी बाई ती इबू, पुरुष तो बापाक, तरुणी म्बाक आणि तरुण मास. तुगिमान पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार होता. इबू वेनिंग खासगी तपास करत, आणि तो त्यांची मोटारसायकल चालवी. मन चांगलं, डोकं जरा सावकाश. त्यानं डोकं खाजवलं. "पण म्बाक, लोक माती काढायला गाडी धुतात, आणि तू वर माती लावतेस?"

"शेतातली नाही हो, बापाक. ही चिकणमातीची वडी वेगळी. धुतल्यावरही रंगात लोखंडाचा कीस, झाडाचा चीक रुतून बसतो. साबणपाणी शिंपडून वडी फिरवली की ती घाण ओढून घेते. मळली की दुमडायची, कणकेसारखी मळायची, पुन्हा फिरवायची. घाण तिच्या पोटात जाते. जुनं मेणही निघून जातं. मग पॉलिश, आणि शेवटी नवं मेण."

"आणि खाली पडली तर?" इबूंनी विचारलं.

"कचऱ्यात! एक खडा चिकटला तरी गाडीचं वाटोळं. मी पडलेली वडी वापरीन?" तिनं मोबाइल पालथा करून ठेवला. "गाडीचे मालक बापाक हर्जोनो म्हणतात, उद्या सकाळी जुन्या गाड्यांच्या संघासमोर माफी माग आणि सलूनची पाटी उतरव. ती पाटी मी माझ्या हातानं रंगवलीय, इबू. न केलेल्या चुकीसाठी का उतरवू?"

"उतरवायची नाही," इबू म्हणाल्या. "चल तुगिमान."

वाटेत तुगिमानची बडबड चालू होती. "मंगळवारी मेरापी ज्वालामुखीनं राख उडवली ना, आपल्याकडे कणही नाही. पण माझी बहीण वर डोंगराजवळ राहते, तिचे वाळत घातलेले पापड सगळे गेले. आणि तिच्या नवऱ्यानं राख बसलेली मोटारसायकल कोरड्या फडक्यानं पुसली! असं झापलं तिनं त्याला. राखेला पाणी, फडकं नाही, हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं."

"समोर बघून चालव," इबू म्हणाल्या.

गाडी सलूनच्या छपराखाली उभी होती. इबूंनी तिला एक फेरी मारली. बॉनेट, टप आणि डिकी कमानदार बारीक ओरखड्यांनी भरली होती. दारं मात्र आरशासारखी. तुगिमाननं त्यात बघून मिशी सारखी केली.

"दारांवर वडी फिरवलीस?"

"सगळ्या गाडीवर फिरवली. आणि मी सरळ रेषेत फिरवते, अशी गोल गोल नाही. पण माझं ऐकतंय कोण?"

"मी ऐकतेय. पहिल्यापासून सांग."

"शनिवारी धुताना एक नवल दिसलं. वरच्या भागावर पाणी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळत होतं. दारांवर मात्र नुसतं पसरलं. मी मास रेंद्राला, म्हणजे हर्जोनोंच्या पुतण्याला, फोन केला, वर कुणी मेण लावलंय का? तो म्हणाला, छे. संध्याकाळी वडी फिरवली, मेण निघालं, आणि खालून हे ओरखडे! लगेच पुन्हा फोन केला. रविवारी सकाळी तो एकटाच आला, कॉफी मागितली. मी आत कॉफी करायला गेले, बाहेर येते तो हा व्हिडिओ काढतोय."

"वड्या कुठे ठेवतेस?"

"त्या फळीवर. आता मोजल्या तर एक कोरी वडी कमी आहे."

"आणि या गाडीवर वापरलेली?"

"झाकणाच्या डबीत."

"ती डबी कुणालाही देऊ नकोस. तुगिमान, वायपरच्या खाली, त्या खाचेत बोट घाल."

बोटाला करडी पूड लागली. तुगिमाननं ती चिमटीत चोळली. करकरीत होती. "सिमेंट?" त्यानं विचारलं. ती कागदाच्या पुडीत बांधून इबू सरळ मोटारसायकलकडे निघाल्या. इबूंनी अशी उत्तरं राखून ठेवली की तुगिमानला भारी राग येई.

हर्जोनोंचा ड्रायव्हर पाइमिन बंगल्याच्या फाटकाशी बसून होता. म्हातारा अगदी रडकुंडीला आला होता.

"मंगळवारी गाडी कुठे होती?" इबूंनी विचारलं.

"घरीच असेल, इबू. मला काय ठाऊक? मास रेंद्रानं न मागता सुट्टी दिली. बुधवारी आलो तर डिकीतला माझा पिसांचा झाडू गायब. जुना झाला, फेकला, म्हणाले. अहो, नवा कोरा होता!"

हर्जोनोंच्या बंगल्यात त्यांना बसा म्हणायलाही कुणी तयार नव्हतं.

"ही गाडी माझ्या वडिलांची," हर्जोनो गरजले. "महिनाभर खोळीखाली होती. वर्षभर मेणाचं बोट लागलं नव्हतं, म्हणून तर तिच्याकडे पाठवली. आणि तिनं सोलून ठेवली!"

"खोळ तुम्ही कधी काढून पाहिलीत?"

"मी कशाला? रेंद्रा बघतो सगळं."

रेंद्रा गोड हसला. जकार्तात वाढलेला, चारच महिन्यांपूर्वी काकांकडे राहायला आलेला. "इबू, पुरावा तर व्हिडिओत आहे."

"हो ना, फार छान काढलात. जकार्तात तुमची गाडी कोण पुसायचं?"

"मीच. त्यात काय? रोज सकाळी पिसांचा झाडू फिरवला की झालं. या बायकांसारखं शास्त्र लागत नाही त्याला."

तुगिमानच्या मुठी वळल्या. इबू मात्र आभार मानून उठल्या. "उद्या ती व्हिडिओतली वडी घेऊन या," एवढंच हर्जोनोंना म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनच्या अंगणात संघाची मंडळी जमली. कुणीतरी पाटी उतरवायला शिडीसुद्धा आणून ठेवली होती. केवढी ही घाई! तुगिमाननं ती शिडी उचलली आणि भिंतीपलीकडे ठेवून आला.

"बापाक हर्जोनो," इबू म्हणाल्या, "ती व्हिडिओतली वडी आणलीत? मोडा."

हर्जोनोंनी कपाळाला आठ्या घालत वडी मोडली. बाहेरून वाळूनं भरलेली वडी आतून निळीशार, स्वच्छ होती.

"म्बाक वुरी, आता तुझी."

वुरीनं डबी उघडून आपली वडी सुरीनं कापली. बाहेरून ती बरी दिसत होती. आत मात्र अळूवडी कापावी तसे थरावर थर, निळा, करडा, निळा, करडा.

"आता सांगा, यातली गाडीवर फिरलेली कुठली?" इबूंनी विचारलं. "वडी वापरताना दुमडतात, त्यामुळे घाण आत जाते. ही वाळूची वडी कधी दुमडलेलीच नाही. फळीवरून उचलली, वाळूत लोळवली, आणि व्हिडिओपुढे धरली. हे करणाऱ्यानं, पडलेली वडी वापरायची नाही, हा नियम ऐकला होता, पण वडी कधी मळली नव्हती."

"मग ओरखडे आले कुठून?" संघातल्या एकानं विचारलं.

"फक्त वरच्या बाजूला आहेत. वडी तर दारांवरही फिरली होती. वरच का? कारण जे पडलं ते वरून पडलं." इबूंनी पुडी सोडली. "तुगिमान, हे सिमेंट आहे?"

तुगिमाननं पूड पाहिली, वुरीच्या वडीतले करडे थर पाहिले, आणि त्याच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. "अगं आई गं! राख! मेरापीची राख! माझ्या बहिणीच्या पापडांवर हीच होती!"

"शहरात कणही पडला नाही. म्हणजे महिनाभर खोळीखाली होती म्हणतात ती गाडी मंगळवारी डोंगरावर होती. त्याच दिवशी पाइमिनना न मागता सुट्टी. इथला माणूस राखेवर पाणी ओततो. जकार्ताचा माणूस काय करतो, ते मास रेंद्रांनी काल स्वतःच सांगितलं. राख म्हणजे काचेची पूड, आणि त्यावर कोरडा पिसांचा झाडू फिरला. ओरखडे पडले, झाडू फेकला, आणि ओरखडे बुजवायला वरच्या भागावर जाड मेण थापलं. म्हणून तिथेच पाणी ओघळत होतं. वडीनं मेण काढलं आणि खालचं पाप वर आलं. या पोरीनं प्रामाणिकपणे फोन केला, मास रेंद्रा, आणि तुम्ही तिचाच बळी द्यायला निघालात!"

रेंद्राचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, मी... मित्रांबरोबर फोटो काढायला..."

"चूप!" हर्जोनो खेकसले. मग खाली बघत इबूंजवळ आले. "इबू, घरातली गोष्ट आहे. आपण आत बसू. मी म्बाकची माफी मागतो, नुकसान भरून देतो. चारचौघांत कशाला?"

"बदनामी चव्हाट्यावर आणि माफी माजघरात?" वुरी पुढे आली. "नाही, बापाक. तुमचे पैसेही नकोत. लाटण्याचा सल्ला मला माजघरात नाही मिळाला, गावभर मिळाला. याच जागी, याच गाडीपुढे, यानं व्हिडिओ काढायचा."

हर्जोनोंनी बॉनेटच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी पुतण्याच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि मोबाइल दिला.

रेंद्रा बॉनेटपुढे उभा राहिला. मान खाली घालून पुटपुटला, "मी... जे बोललो ते खोटं होतं. म्बाक वुरीनं..."

"थांबा," वुरी म्हणाली. तिनं वाळूची वडी कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "पुन्हा पहिल्यापासून. आणि मोठ्यानं बोला. त्या दिवशी तुमचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता."