फुगवट्याचा दिवा

पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनने जेवणाचा डबा गरम करावा म्हणून काचेच्या भट्टीचं दार उघडलं, आणि आतून आवाज आला — टिंग.

आतला दिवा जिने घडवला होता, ती कामाच्या खोलीच्या दारातच थिजली.

घडवलेली काच रात्रभर भट्टीत हळूहळू निवू द्यायची असते. मध्येच गार वारा लागला की ती धसका घेते आणि तडकते. ही गोष्ट जगात फार थोड्यांना ठाऊक आहे. वायरमन त्यांपैकी नव्हता.

"काही... तुटलं का?"

"विशेष नाही. माझं आयुष्य."

दुसऱ्या दिवशी दुपारी दिव्यांच्या कारखान्यात नमुन्यांची निवड होती, आणि तिचा एकुलता एक नमुना आत्ताच तडकला होता. विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून ती काचेची डिझायनर व्हायला निघाली, तेव्हा वडील म्हणाले होते, "फुंकर मारायला पगार सोडतेस? एक वर्ष देतो. नाही जमलं तर मुकाट्याने परत." वर्ष उद्याच संपत होतं.

"मी भरपाई करतो हो," तो पुटपुटला.

"बसा. फुंकता येतं?"

"चहा येतो."

"पुरे."

एरवी फुंकायला मैत्रीण असे. ती कालच बाळंतपणाला गेली होती. लोखंडी नळीच्या टोकाला लालभडक, मधासारखा काचेचा गोळा. नळी ती स्वतः फिरवत राहिली, कारण हात थांबला की काच ओघळते. दुसऱ्या टोकाला तो, गाल फुगवून. त्याच्या पापण्या इतक्या लांब, की पुरुषाला देणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

आणि तिच्या तोंडून, तिला न विचारताच, निघून गेलं —

"लग्न झालंय तुमचं?"

तोंडात नळी. त्याने जोरजोरात नकारार्थी मान हलवली, आणि दचकून फूकही मारली. दिव्याला एका अंगाने फुगवटा आला. दाढ दुखणाऱ्याच्या गालासारखा.

दुसरा करायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी निवड करणाऱ्या बाईंनी दिवा लावला. फुगवट्यातून उजेड भिंतीवर अलगद लवंडला.

"हा मुद्दाम काढलात?"

"नाही... मी त्याला विचारलं, लग्न झालंय का."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"असेच पन्नास द्या."

वडिलांना बातमी कळली तेव्हा ते उभे होते. नंतर बसलेले आढळले.

पन्नास दिवे म्हणजे पन्नास धक्के. तो रोज काम उरकून येई, ती रोज नवं काढी. "पापण्या खऱ्या आहेत?" — फुगवटा. "काल स्वप्नात आलात. डबा घेऊन." — दोन फुगवटे, तो दिवा बाद. चाळिसाव्यापर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि तो चांगलाच निर्ढावला. 'तू मला आवडतोस' हे मात्र तिने शेवटच्या दिव्यासाठी राखून ठेवलं.

पन्नासावा गोळा फिरू लागला. तिने श्वास घेतला... तेवढ्यात त्यानेच नळी तोंडातून काढली.

"आज मी बोलू? — माझ्याशी लग्न करशील?"

तिचे हात थांबले. वर्षभरात पहिल्यांदाच. गोळा लवंडला, ओघळला, सोंडेसारखा लोंबत राहिला. धड दिवा नाही, धड फुलदाणी नाही.

"अगं... बिघडलं," तो कुजबुजला.

"बिघडू दे. हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो! चल, हे आधी भट्टीत ठेवू. आणि सकाळपर्यंत दार उघडलंस तर बघ."

"मग डबा?"

"गारच खायचा," ती म्हणाली. "दोघांनी."