पुसलेला सूर

यातला एक शब्दही पदरचा नाही. रावेतमधल्या ज्या फ्लॅटमध्ये हे घडलं, तिथे दीपमाला आजही राहते.

आणि हे रात्री नाही, गुरुवारच्या लख्ख दुपारी घडलं.

दीपमाला चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गुरुवारी सुट्टी. घरात ती आणि आई, सोजराबाई. मूळच्या बीडकडच्या. धाकटा भाऊ अजिंक्य ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. गेल्या पावसाळ्यात तळेगाव चौकात त्याची बाइक ट्रकखाली आली.

त्याचं शेवटचं गाणं कीबोर्डमध्ये तसंच राहिलं होतं.

"वर्षश्राद्धाला लावू," आई म्हणाली. "पाव्हण्यांनी ऐकावं."

म्हणून दीपमाला चुकलेले सूर दुरुस्त करायला बसली. भावानेच तिला शिकवलं होतं. कीबोर्ड आवाज साठवत नाही. कोणती पट्टी दाबली, कधी, किती वेळ आणि किती जोरात, एवढीच नोंद ठेवतो. स्क्रीनवर एकाखाली एक ओळी. जोराचा आकडा एक ते एकशे सत्तावीस. हवी ती ओळ बदलायची, नको ती पुसायची.

गाणं संपलं, तिथे यादीही संपायला हवी होती.

संपली नाही...

बरीच मोकळी जागा सोडून खाली एकच सूर होता. जोर, एक. कानाला ऐकूही येणार नाही इतका हलका. चुकून बोट लागलं असेल. तिने तो पुसला, सेव्ह केलं आणि कीबोर्ड बंद केला.

पुढच्या गुरुवारी तो सूर पुन्हा तिथेच होता.

जोर... चाळीस.

तिने परत पुसला. पिंपरी कॅम्पातल्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"मेमरी गेली असेल मॅडम, घेऊन या."

तिने नेला नाही. अॅडॅप्टर मात्र काढून पर्समध्ये टाकला. आठवडाभर तो तिच्याबरोबर चाकणला जाऊन येत होता. घरी कीबोर्ड चालू होणंच शक्य नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी तिने अॅडॅप्टर परत लावला... जोर नव्वद.

तिने प्ले दाबलं. गाणं वाजून संपलं. मग बराच वेळ काहीच नाही.

मग तो एकटा सूर वाजला.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आज नीट ऐकू आलं बघ."

"काय ऐकू आलं?"

"त्योच की. रोज दुपारी वाजवतोय. आधी लई हळू होतं."

आईला वाचता येत नाही. ती यादी, ते पुसणं, यातलं तिला काहीही ठाऊक नव्हतं. दीपमालाने तो सूर तिसऱ्यांदा पुसला.

चौथ्या गुरुवारी तिने कीबोर्डवरचं कापड काढलं आणि तिचा हात तसाच राहिला.

एक पट्टी खाली गेलेली होती.

कुणीतरी दाबून धरल्यासारखी...

तिने अॅडॅप्टर लावला. यादीच्या तळाशी गेली. जोर, एकशे सत्तावीस. त्याहून मोठा आकडाच नसतो. किती वेळ दाबली, तो रकाना रिकामा होता.

बोट अजून उचललेलंच नव्हतं.

तिने नखाने पट्टी वर ओढून पाहिली. हलेना. वरून कुणाचा तरी भार होता.

आई कणकेच्या हातानेच बाहेर आली. तिने पट्टीशेजारी तळहात टेकवला.

"सोड बाळा. ताई घाबरलीय."

पट्टी हळूच वर आली.

त्या दिवसापासून आई दुपारभर कीबोर्डसमोर बसते. बोलते. थांबते. मान हलवते. परत बोलते. दीपमाला आता गुरुवारीही ओव्हरटाइम मागून घेते. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे जेवून गेले. गाणं कुणी लावलं नाही.

परवा ती कंपनीतून आली तेव्हा आई दारातच उभी होती. तोंड उतरलेलं.

"दीपे, खरं सांग," ती म्हणाली. "त्यो विचारतोय... तीनदा कामून पुसलंस त्याला?"