सीताखाईच्या कडेला चौदा प्रश्न

तो भेटला तेव्हा मी गाडीसाठी सावली शोधत होते, माणूस नव्हे.

सात पायरी घाटाच्या पायथ्याशी एक मोहाचं झाड आहे. होळीनंतरचा रविवार. साग उघडेबोडके, काळा खडक तापलेला, आणि ओढ्यांच्या पात्रातून पाण्याऐवजी झळा वाहतायत. दरवर्षी याच दिवसांत मी रनाळ्याहून मोटरसायकलवर एकटी तोरणमाळला येते. लोक पावसाळ्यात हिरवळ बघायला येतात. मला डोंगराची हाडं दिसतात तेव्हा तो आवडतो.

"एकट्याच?" झाडापलीकडून आवाज आला.

"सकाळपासून हे विचारणारे तुम्ही चौथे," मी म्हटलं. "प्रकाशा गावचा चहावाला, शहाद्याचा पंपवाला आणि म्हसावदची एक आजी. आजीने निदान शेंगा तरी दिल्या."

त्याने खिसे चाचपले. उंच, सावळा, हेल्मेटमुळे केस विस्कटलेले. "माझ्याकडे लिमलेटची गोळी आहे."

"चालेल."

गोळी खिशात वितळून कागदाला चिकटली होती. सोलताना दोघांचीही बोटं चिकट झाली… आणि तो लाजला. हा लाजतो, हे मी मनात टिपून ठेवलं.

माणसं टिपून ठेवायची मला सवयच आहे. मी भूकरमापक; लोकांची शेतं मोजते. बांधावर दोन भाऊ उभे असले, की कोण खोटं बोलतोय हे यंत्र लावायच्या आधीच मला कळतं. निदान त्या दिवसापर्यंत तरी तसं वाटायचं.

"हेमकांत," तो म्हणाला. "प्रकाशाकडचा."

"रोहिणी. आणि मी एकटी जाणार आहे. एकटी म्हणजे एकटी."

"मग मी एक वळण मागे राहीन," तो म्हणाला. "रस्ता सरकारी आहे."

आणि खरंच राहिला! घाटभर एक वळण मागे. मी आरशात बघायची आणि तो नसायचा. पुढच्या वळणावर बघायची, तर खाली, दरीच्या त्या बाजूला, धुळीतून वर येताना दिसायचा. त्या घाटात मी आरशात इतक्या वेळा कधीच बघितलं नव्हतं.

वर सीताखाईच्या कडेला गाडी लावली. पाय ठेवायला जागा संपते आणि एकदम खाली, खूप खाली, कोरडा पांढरा तळ. पावसाळ्यातल्या धबधब्याचा नुसता काळा डाग उरलेला. तो आला, आपला रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि माझ्या गाडीच्या सीटवर पसरला.

"हे कशाला?"

"परत बसाल तेव्हा चटका बसेल."

माझ्या तीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या बसण्याचा इतका विचार कोणी केला नव्हता. मी दरीकडे बघत राहिले… दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

मग तो प्रश्न विचारायला लागला. स्वयंपाक येतो का? भाकरी थापता की लाटता? राग आला की बोलता की अबोला धरता? घरात कोण कोण? धाकटी बहीण आहे, तर तिचं जमलं का? लग्नानंतर नोकरी सोडाल?

"मोजणीचा अर्ज भरताय का?" मी विचारलं. "चौदा प्रश्न झाले."

"मोजले तुम्ही?"

"मोजते मी सगळंच."

"मग हेपण मोजा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच शाळेची मराठी सोडून घरच्या बोलीवर आला. "मी तुम्हनाकडे किती डाव दखं?"

तो माझ्याकडे किती वेळा बघत होता, हे मी मोजलं नव्हतं. म्हणजे मोजलं होतं, पण सांगणार नव्हते.

पुढचे पाच आठवडे… काय सांगू! प्रकाशाच्या पुलावर संध्याकाळी दोन गाड्या शेजारी. खाली तापी, वर वारा. तो फोनवर कमी बोलायचा आणि समोर त्याहून कमी; पण मी बोलत असताना माझ्या ओढणीचं टोक चाकात जात नाही ना, हे बघायचा. मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. तोही आला, पण एक वळण मागे राहून.

दरम्यान घरी माझ्यासाठी आलेलं एक स्थळ गेलं. नवनीत नावाचा मुलगा, सुरतेत नोकरी. निरोप आला, योग नाही. मी मनातून पेढे वाटले. मग काजलला, माझ्या धाकट्या बहिणीला, बघायला येणारे आलेच नाहीत. त्यानंतर ठरलेले आणखी एक पाहुणे परस्पर वळले. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, पारावर जाणं सोडलं.

शेवटी सिंधू आत्याने येऊन उलगडा केला.

"तुन्ही मोठी डोंगरमा कोन्हासंगे तरी हिंडस, आसं गावोगाव व्हई गयं," ती आप्पांना म्हणाली. "चौकशीले नवनीतना चुलतभाऊ सोता तोरणमाळले गयथा. डोयानी दखी उना म्हने. हेमकांत का काय त्यानं नाव."

आमच्याकडे स्थळाआधी चौकशीला माणूस पाठवतात. गुपचूप पाठवतात, तो पानटपरीवर, विहिरीवर, नातलगांत विचारून येतो. तो सांगेल ते पक्कं. त्यावर पुन्हा कोणी विचारत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि चौदा प्रश्न मोजूनही मला ते कळलं नव्हतं.

मी गच्चीवर जाऊन फोन लावला.

"तुला पाठवलं होतं?"

"हो. रनाळ्याला विचारलं, तर म्हणाले होळीनंतर ती तोरणमाळला जाते. म्हणून आलो… पण दुसऱ्या वळणावरच मला तू आवडलीस, रोहिणी. खरं सांगितलं असतं, तर तू नवनीतच्या घरात गेली असतीस. माझ्याच घरात. वहिनी म्हणून!"

"मग काय सांगितलंस?"

"की पोरगी हाताबाहेर गेलीय. डोंगरात कोणाबरोबर तरी हिंडते."

"कोणाबरोबर?"

पलीकडून दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"तुझ्याचबरोबर ना रे?"

मला हसू आलं. खरंच आलं. मग विचारलं, "आणि तुझ्या घरी आपलं सांगितलंस?"

"आईला एवढंच सांगितलं, की तू मला आवडतेस. ती म्हणते, तूच म्हणाला होतास ना, ती आपल्या घरात शोभणारी नाही म्हणून."

"मग सांग ना, की खोटं बोललो."

"काकांनी, नवनीतच्या वडिलांनी, वाढवलंय मला. आखाजीच्या सणाला नवनीतचं लग्न आहे, दुसरीकडे ठरलंय. तेवढं होऊ दे…"

"काजलचं काय, हेमकांत?"

"तेवढं होऊ दे," तो पुन्हा म्हणाला.

रविवारी सकाळी मी गाडी काढली आणि थेट त्याच्या अंगणात नेऊन उभी केली.

मांडवाचं काम चाललं होतं. बायका गहू निवडत होत्या. हेमकांत बांबूला दोरी बांधत होता. मला बघून त्याचे हात थांबले आणि चेहरा… चेहरा उजळला. तो एक क्षण मी बघितला. तो माझाच होता.

"कोन शे रे ही?" त्याच्या आईने, कौसाबाईंनी विचारलं.

तो क्षण गेला.

"मोजणीवाल्या मॅडम शेतस," तो म्हणाला. "रस्ता चुकन्यात."

"व्हय का! बठा, बाई. पानी ल्या."

मी पाणी प्यायले. ग्लास थंडगार होता, माझा आवाजही.

"मावशी, तुम्हना पोऱ्या जिले दखीसन उना, ती रनाळानी रोहिणी मीच. त्यानी सांगं ते खोटं शे. त्या रोज मन्हासंगे डोंगरमा हाऊच व्हता, दुसरं कोन्ही नही. माले तुम्हना घरमा येवानं नही. पन मन्ही धाकली बहीणनं लगीन अडकी गयं. म्हनीसन खरं काय शे, ते गावले कळाले पाहिजे."

गहू निवडणारे हात थांबले. ओसरीवरून काका उठून उभे राहिले. कौसाबाई रागावल्या नाहीत. त्याहून वाईट, त्यांनी माझी कीव केली.

"मन्हा पोऱ्या खोटं बोलत नही, बाई," त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "काय रे, हेमकांत?"

सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. त्याने काकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. डोळे भरून आलेले मला स्पष्ट दिसले.

"ऊन व्हई जाई, मॅडम," तो हळूच म्हणाला. "निघा आते."

त्या आवाजात काळजी होती. अगदी खरी. म्हणूनच मला त्याचा तिरस्कार करणं जमेना, आणि थांबणंही.

मी ग्लास खाली ठेवला, गाडी वळवली. मांडवाची दोरी दारात आडवी ताणलेली होती. कोणी काही बोलायच्या आत हेमकांत धावत आला, दोन्ही हातांनी दोरी उंच उचलून धरली, आणि मी खालून पार होईपर्यंत तशीच धरून उभा राहिला.