पुराची रेघ

"गाडीत अत्तराची बाटली फुटली का काय?" मागच्या सीटवर अंग चोरून बसता बसता शिवांजलीनं नाक दाबलं.

अजीमला राग आला. गाडी त्याच्या अब्बांनी घेतलेली, दारात येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, आणि शेजारची ही पोरगी खुशाल नाक मुरडते म्हणजे काय! नवीन वास सहन होत नसेल तर एसटीनं ये, असं त्यानं तिला सुनावलं. गाडी जुनी आहे, त्यामुळे वास नवीन कसा असेल, असं तिनं उलट विचारलं. झालं, दोघांची जुंपली.

रुमाना मात्र नुसती हुंगत बसली होती. ती सांगलीची, मे महिन्याच्या सुट्टीत रहिमतपूरला तौसीफमामूकडे, म्हणजे अजीमच्या घरी आली होती. तिलाही वास आला होता. पण अत्तराच्या खाली आणखी कसला तरी वास होता, ओला, कुजका आणि ओळखीचा. कुठला ते काही केल्या आठवेना.

बेत तसा झकास होता. अख्तरबी नानीच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. तिला सारखं साताऱ्याला डायलिसिसला न्यावं लागायचं आणि एसटीतून परत येताना ती अगदी गळून जायची. म्हणून तर मामूनं ही गाडी घेतली होती. आज नानीला दवाखान्यात सोडायचं, मामी तिच्याजवळ थांबणार आणि मामू तिघा पोरांना अजिंक्यताऱ्यावर नेणार!

रहिमतपूर मागं पडलं, उकडायला लागलं. मामूनं मोठ्या ऐटीत एसी लावला. आधी गार वारा आला आणि त्याच्यामागून असा घाणेरडा भपकारा आला, की सगळ्यांनी नाकं दाबली. शी! मेलेला उंदीर बरा म्हणायचा! मामूनं काचा खाली करायला बटण दाबलं, तर काचा हलेनात आणि वायपर मात्र कोरड्या काचेवर खर्रखर्र फिरायला लागले. पाठोपाठ हॉर्न आपोआप कोकलू लागला. नानीला भडभडून ओकारी झाली. आणि मग गाडी आचका देऊन रस्त्याच्या मधोमध बंदच पडली.

मामीनं हात दाखवून एसटी थांबवली आणि नानीला घेऊन ती पुढं गेली. पण पोचायला उशीर झाला, नानीच्या जागी दुसऱ्या पेशंटला घेतलं होतं. संध्याकाळी कशीबशी अर्धंच डायलिसिस करून नानी घरी आली, ती सुजलेल्या पायांनी. तिला बघून रुमानाचा जीव कळवळला.

गाडी ट्रॅक्टरला बांधून दारात आणली होती. मामूनं ती विकणाऱ्या राजवर्धनशेठला फोन लावला. शेठ म्हणे हसला. जुनी गाडी जुन्यासारखीच चालायची, गॅरंटी कुणी दिली होती, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मामू डोक्याला हात लावून ओट्यावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गाडीत शिरली. रुमानानं पायाखालचं कोरं करकरीत मॅट उचललं, खाली नाक नेलं आणि झटक्यात मागं सरली.

"पूर!" ती म्हणाली. "हा पुराच्या गाळाचा वास आहे. आमच्या घरात महिनाभर हाच वास होता."

ती दुसरीत असताना कृष्णेचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं होतं. पाणी उतरल्यावर घराघरात चिखल, त्यात फुगलेली पुस्तकं आणि मेलेले मासे. तेव्हापासून त्यांच्या भिंतीवर पुराची रेघ आहे. अब्बांनी ती रंगवून शेजारी सालही लिहिलंय. गल्लीत प्रत्येक घराला अशी रेघ आहे आणि पाहुणे आले की पहिल्यांदा तीच दाखवतात.

"मग हिची रेघ कुठाय?" अजीमनं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. शेठनं सीटना नवी कव्हरं घातली होती, दरवाजे घासूनपुसून लख्ख केले होते. जिथं कुणाचा हात जात नाही अशी जागा हवी होती. तिघांनी डिकी पाहिली, टपाखाली पाहिलं, काही नाही. शिवांजली कंटाळून सीटबेल्टशी चाळा करत बसली आणि रुमाना एकदम ओरडली, तो सगळा बाहेर ओढ म्हणून. झटका दिला की पट्टा अडकायचा, म्हणून अजीमनं तो हळूहळू, थेट शेवटापर्यंत ओढला. रोज कधीच बाहेर न येणारं ते शेवटचं टोक बाहेर आलं. त्यावर पिवळट गाळाचा वाळलेला थर होता, आणि थर संपतो तिथं सरळ रेघ!

शिवांजलीनं हात झटकला. ह्याच पट्ट्याला काल नानी टेकून बसली होती. रुमानाला किळस आली, गाळाची आली त्याहून जास्त त्या हसणाऱ्या माणसाची.

पोरांनी बोलावलं तसा मामू गाडीत येऊन बसला, त्यानं पट्टा पाहिला आणि तो ताडकन उठला. गाडीचा नंबर सांगलीचा बघून त्यानं घेतानाच शेठला स्पष्ट विचारलं होतं, गाडी पुरात तर नव्हती? गाडीचे मालक पुराच्या आधीच वाईला राहायला गेलेत, पाण्याचा थेंब लागलेला नाही, असं शेठनं शपथेवर सांगितलं होतं.

"खोटं सांगून विकलं ना? मग जुनी असू दे न्हाईतर नवी, ग्राहक आयोगात तक्रार करता येती," शिवांजली म्हणाली. शाळेतल्या ग्राहक दिनाच्या नाटकात ती लबाड दुकानदार झाली होती, त्यामुळे तिला दोन्ही बाजू पाठ होत्या.

पण शेठ उलटला तर? तुम्हीच कुठं पाण्यात घातली म्हणाला तर? त्यावर तिघं बराच वेळ कुजबुजत बसली.

दुपारी सगळे एसटीनं शेठच्या आवारात गेले. नानीही हट्टानं आली. भिंतीवर मोठी पाटी होती, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' कडेगावचं एक जोडपं कडेवर तान्हं बाळ घेऊन दुसरी गाडी बघत होतं. त्या गाडीलाही तसाच अत्तराचा घमघमाट! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

रुमाना साळसूद चेहऱ्यानं पुढं झाली. "शेठ, गाडी किती चकाचक धुतलीय! एवढं मात्र राहिलं बघा," असं म्हणत तिनं त्या गाडीचा पट्टा अलगद पार टोकापर्यंत बाहेर ओढला. गाळाचे पोपडे बाळाच्या आईच्या पायाशी पडले.

शेठ लालबुंद झाला. तिथंच पाण्याचा पाइप धरून उभ्या असलेल्या माणसावर तो खेकसला, "त्या पुराच्या लॉटच्या सगळ्या गाड्यांचे पट्टे धू म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

आवारातल्या सगळ्यांच्या माना शेठकडे वळल्या.

"कुठला लॉट, काका?" शिवांजलीनं गोडपणे विचारलं. "तो वाईचा का?"

कडेगावच्या पाहुण्यांनी काय ते ओळखलं. आपण साक्ष द्यायला येऊ, असं त्यांनी मामूला तिथल्या तिथं सांगितलं. शेठचा आवाज लगेच मवाळ झाला. सगळी रक्कम आत्ताच्या आत्ता परत करतो, पण तक्रारीचं तेवढं मनावर घेऊ नका, घरातल्या घरात मिटवू, असं तो मामूच्या खांद्यावर हात ठेवून सांगू लागला. मामू मऊ स्वभावाचा. तो घुटमळला.

रुमाना मात्र भडकली. "आमच्या घरातला गाळ आम्ही घमेल्यानं उपसला. लोक रडत होते तेव्हा. आणि तुम्ही त्यालाच अत्तर लावून विकता?"

शेठ खाली बघू लागला. तेवढ्यात नानी खुर्चीवरून उठली आणि हळूहळू चालत त्याच्यासमोर आली.

"पैसं तू देशील रं बाबा," ती म्हणाली. "पर मी काल वाटंतच गेली असते, तर ह्या लेकरांस्नी त्यांची नानी माघारी दिली असतीस का? का हीच पाटी दावली असतीस?"

मामूनं शेठचा हात खांद्यावरून काढला. पैसे तर घ्यायचेच, पण आवारातल्या बाकीच्या गाड्या अजून विकायच्या आहेत, म्हणून तक्रारही करायची, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

परत निघताना कडेगावच्या पाहुण्यांनी तिघांची पाठ थोपटली. बाळाच्या आईनं तर रुमानाला जवळच घेतलं. नानी म्हणाली, "माझ्या नातीचं नाक लय तिखट हाय." अजीम लगेच रुसला, पट्टा तर त्यानंच ओढला होता. मग नानीनं त्यालाही जवळ ओढलं, शिवांजलीलाही ओढलं, आणि सगळी एसटीची वाट बघत उभी राहिली.