बाल्कनीतले खुंट

दार उघडलं आणि क्षिप्रा दचकलीच. समोर एक अनोळखी तरुण उभा होता. डोळ्यांतून धारा, नाक लालबुंद, हातात अर्धी खाल्लेली मिरची.

"मॅडम, ये मिर्ची... आपकी है? आई गं...!"

"मराठी?"

त्याने नुसती मान हलवली. तिने धावत जाऊन दह्याची वाटी आणली. ती त्याने दारातच उभ्याने संपवली.

"वरून पडली," जरा वेळाने तो म्हणाला. "मी खाली बाल्कनीत पोहे खात होतो. वाटलं, देवानेच पाठवली."

"देवाने नाही, भिवापूरने. माझ्या आईच्या माहेरची मिरची आहे ती. आणि पडलेली वस्तू लगेच तोंडात घालता तुम्ही?"

"पोह्यांत मिरची नव्हती हो..."

क्षिप्राला हसू आवरेना.

तो हेरंब. गाझियाबादच्या त्या इमारतीत नुकताच खालच्या मजल्यावर राहायला आलेला, दिल्लीत सरकारी नोकरीला. आधी तो वाटी परत द्यायला आला, मग झाडं बघायला, मग काही कारण न सांगताच. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो मिरचीच्या फुलांना बोटाने हलकेच टिचक्या मारायचा.

"यामुळे फळ जास्त धरतं म्हणे."

"फुलांशी बरा धीट असतोस," ती म्हणायची. त्याचे कान लाल व्हायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

डिसेंबरात क्षिप्रा बाबांबरोबर नागपूरला लग्नाला गेली. जाताना घराची किल्ली हेरंबच्या तळहातावर ठेवताना तिची बोटं क्षणभर तिथेच राहिली...

परतली त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की समोरची इमारत दिसत नव्हती. बॅग टाकून ती बाल्कनीत गेली, आणि जागीच थिजली.

झाडं नव्हती. प्रत्येक कुंडीत वीतभर खुंट! एक पान नाही, एक फांदी नाही. मातीवर गोणपाट.

चाहूल लागून हेरंब हसतच वर आला. "बघितलंस? अगं, इथे रात्री दव गोठणार होतं, म्हणून..."

"ही झाडं आईने पेरली होती." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "हॉस्पिटलात जायच्या आदल्या आठवड्यात. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं, हेरंब."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तू... कधी बोलली नाहीस."

"तू एक फोन नाही केलास!"

"लग्नघरात कशाला त्रास, म्हटलं... पानं ठेवली असती तर थंडीने आख्खं झाड गेलं असतं. छाटलं की मूळ तग धरतं. निदान... मी वाचलं तसं." बोलता बोलता त्याचाच विश्वास उडत चालला होता. "नखाने खरवडून बघ. आत हिरवं असेल, तर जिवंत आहे."

"आणि नसेल तर?"

त्याने जवळच्या कुंडीवरचं गोणपाट बाजूला केलं.

ती खाली बसली. एका खुंटाची साल तिने अगदी थोडी खरवडली. करडं... अजून थोडी. आत ओलं, कोवळं हिरवं.

तिने दुसरा खुंट बघितला, तिसरा बघितला. मग तोंडावर ओढणी धरून ती रडली. हेरंब शेजारी उकिडवा बसून राहिला. हात लावावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"पालवी कधी येईल?"

"फेब्रुवारीत. मी आहे इथे. म्हणजे... प्रमोशनवर शिलाँगला पाठवत होते. काल नाही म्हणून सांगितलं."

क्षिप्रा रडायचीच थांबली. "काय? मिरच्यांसाठी प्रमोशन सोडलंस?"

"मिरच्यांसाठी कोण सोडेल!"

तो बोलून गेला आणि स्वतःच घाबरला. धुक्यात कुठेतरी दूधवाल्याची मोटरसायकल खोकली.

"हेही मला न विचारताच केलंस," ती म्हणाली.

"आता विचारू?"

"विचार."

हेरंबने तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

"हो," क्षिप्रा म्हणाली.

"अगं, पण मी अजून काही विचारलंच नाही!"

"तुझ्या भरवशावर राहिले तर फेब्रुवारी उजाडेल."