कथील नव्हे

अमेरिकेतल्या लढाईने आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आणला, तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या अडून बसत, आणि कुणा खुशालराव पाटलाने म्हणे गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या होत्या. बैलांना त्याचं फारसं कौतुक वाटलं नसावं. सगळं गाव असं फुगलेलं असताना सरकारी शाळेतले मोरोपंत पंतोजी मात्र धातूंचे चिमूटभर तुकडे गोळा करत बसले होते.

सागवानी पेटीत चोवीस कप्पे, दर कप्प्यात कापसाची गादी, तिच्यावर तुकडा. तांबं, जस्त, शिसं, सुरमा, शिशीत कोंडलेला पारा. मधल्या कप्प्यात अ‍ॅल्युमिनियमची एक गुंडी होती. हा धातू तेव्हा इतका नवा, की अमरावतीत त्याचं नाव घेणारं दुसरं कुणी नव्हतं. गुंडी दिली ती अकोल्याच्या एका रेल्वेच्या साहेबाने. साहेब दौऱ्यावर होता, म्हणून पंत तिथे एक दिवस जास्त राहिले. त्याच दिवशी इकडे त्यांच्या बायकोला, गोदावरीला, पटकी झाली. पंत परतले तेव्हा शेजाऱ्यांचं तिला स्मशानात पोचवूनही झालं होतं.

त्याला दोन वर्षं झाली. ती एकटीच गेली का, तिने आपल्याला हाक मारली का, हे सांगू शकेल अशी एकच बाई होती: शेजारची तानुबाई. पण ती पटकीच्या धास्तीने त्याच संध्याकाळी पोरांना घेऊन वरूडला माहेरी गेली, ती थेट गेल्या महिन्यात परतली. आता पंतच तिला टाळत होते. हाक मारली होती असं ती म्हणाली तर पुढे जगायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी पार्बताबाई आली. ही झारेकरीण. सराफ्यातल्या दुकानांचा केर न्यायचा, तो धुऊन त्यातला सोन्याचांदीचा कण-कण वेचायचा, हा तिच्या घरचा धंदा. काही वेगळं निघालं की ती ते पंतांकडे आणून देई. त्या दिवशी तिने बोटभर लांबीची एक मळकट निळसर पट्टी ओट्यावर ठेवली.

"चांदी नाही मनते सोनार. तुमी पाहा."

"कथील असेल."

"मी एकडाव वाकवली," ती म्हणाली. "तुमीच ठेवा." एरवी गूळपाणी घेतल्याशिवाय न हलणारी बाई उभ्या उभ्या निघून गेली.

पंतांनी कस लावून पाहिला. कसोटीवर रेघ उठेना. तेजाबात टाकली तर बुडबुडासुद्धा आला नाही. मग त्यांनी आपली ठरलेली परीक्षा घेतली. कथलाची पट्टी कानाशी धरून वाकवली की ती किरकिरते, चांदी मुकाट्याने वाकते. पंतोजी धातूंशी कानगोष्टी करतात म्हणून शाळेतली पोरं हसत, ती यामुळेच.

पट्टी किरकिरली नाही. तिच्यातून रहाटाचा आवाज आला. घरामागच्या विहिरीचा रहाट, तेल नसलेला, दर फेऱ्याला कण्हणारा. पंतांनी मागे जाऊन पाहिलं. रहाट थांबलेला होता आणि दोर कोरडा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच त्यांनी पुन्हा वाकवली. या वेळी बांगड्या तांब्याच्या हंड्यावर वाजल्या. तिसऱ्या दिवशी खोकला आला. नवऱ्याला उठवायचं नसेल तेव्हा पदर तोंडाशी धरून खोकायची गोदावरीची सवय होती, आणि हा खोकला तसाच दबलेला होता.

पट्टी एकाच जागी वाकत होती. दुसरीकडे जोर लावला तर सळईसारखी ताठ. आणि वाकायच्या जागी आता केसाएवढी चीर दिसायला लागली होती.

चौथ्या दिवशी आवाज आला.

"अहो, आलात का?"

एवढंच. मग शांतता. चीर पार खोल गेली होती, पट्टी जेमतेम एका धाग्यावर उरली होती. अजून एकदा वाकवली की तुटणार. पंतांनी ती पेटीत ठेवली आणि आठ दिवस पेटी उघडली नाही. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उत्तर देणारा अकोल्याला साहेबाच्या बंगल्यासमोर गुंडीची वाट पाहत बसला होता. ती शांतता पुन्हा ऐकायची त्यांची छाती नव्हती. पण घर फार रिकामं होतं, आणि त्यात गोदावरीचा एवढाच आवाज उरला होता.

नवव्या दिवशी भर दुपारी त्यांनी पट्टी कानाशी धरली.

वाकवली.

ती तुटली.

"आलो," एक पुरुष म्हणाला. "नीज तू आता."

तो आवाज मोरोपंतांचा स्वतःचा होता.

पंत तसेच अनवाणी बाहेर पडले. तानुबाई अंगणात सरकी पसरत होती.

"तानुबाई, त्या दिवशी हिच्याजवळ कोण होतं?"

तिने वर पाहिलं. "असं काहून विचारता, पंतोजी? तुमीच तं होते. मी पेज घेऊन आली, तं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तुमी हाय म्हणूनच तं मी माहेरी निघाली."

पंतांना आधी बरंच वाटलं. ती एकटी गेली नव्हती. मग तो दिवस आठवला.

"मी अकोल्याला होतो."

"मी पायलं ना या डोयानं. तुमाले पाहून हासली बी ती." बोलता बोलता तिचा सरकीतला हात थांबला. "एकच गोष्ट मले तवा कशीतरी वाटली. दुःखानं बरळता, असं समजून मी सोडून देली."

"काय?"

"मी निघाली, तं तुमी मागून म्हणाले, दार नुसतं लोटून घ्या तानुबाई, कडी नका लावू. पंत येतील उद्या."