उजवा दिवा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा पत्र्याचा गाळा आहे. डावीकडे ओतकामाची भट्टी आणि उजवीकडे हळदीची गिरणी, त्यामुळे टेबलावरचा पान्हा, मीटर, चहाचा कप, सगळ्यांवर वर्षभर पिवळी पूड असते. मी हंबीरराव. लष्करात बावीस वर्षं गाड्यांची वीज सांभाळली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव साताऱ्याकडचं, पण बायको गेल्यावर तिथं करमेना. एकुलती एक मुलगी संयोगिता आष्ट्याला दिलेली, म्हणून तिच्या जवळपास राहावं या विचारानं इकडे गाळा घेतला. माझं काम चोख असतं. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण नम्रपणा मला कधी जमलाच नाही.

दिवाळीनंतर जावई वीरधवल आपली पांढरी गाडी घेऊन आले. ते शिराळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि आष्ट्याहून रोज जाऊन-येऊन करतात. त्यांना मागच्या दिव्यांत पळते इंडिकेटर हवे होते. म्हणजे वळायचं असेल तेव्हा दिवा नुसता लुकलुकत नाही, तर आतून बाहेर एकेक ठिपका पेटत जातो आणि गाडी कुठे वळणार ते लांबूनही कळतं. महागड्या गाड्यांना हे कंपनीकडूनच येतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी तोंडानं म्हणालो खरं, पण मनातून खूश होतो. जावयानं हट्ट करावा असं माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

काम आठ दिवस चाललं. दिव्यांच्या काचा गरम करून सोडवल्या, आत बारा-बारा पिवळे एलईडी एका ओळीत बसवले आणि मागे नखाएवढी चिप लावली. चिपमधला प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. इंडिकेटरच्या वायरीत वीज आली की बारा ठिपके क्रमानं पेटायचे. वीज नसेल तर काहीच व्हायचं नाही. यात तिसरी शक्यता नसते. विजेला मन नसतं, हे मी लष्करात कितीतरी जणांना शिकवलं आहे. गाडी न्यायला संयोगिता आली, तेव्हा तिनं मला स्टेअरिंगजवळची इंडिकेटरची दांडी वरखाली करायला लावली आणि स्वतः बराच वेळ मागे उभी राहून बघत राहिली. आबा, लय भारी झालंय, म्हणाली. माझ्या छातीवर लागलेल्या कुठल्याही पदकापेक्षा मला ते जास्त वाटलं.

आता आमच्याकडच्या रस्त्याचं सांगायला हवं. पेठ नाक्यावरून शिराळ्याकडे निघालं की दोन्ही अंगाला डोक्याच्या वर ऊस. मागच्या गाडीला पुढचं काही दिसत नाही, पुढच्याला दिसतं. म्हणून पुढचा चालक रस्ता मोकळा बघून उजवा दिवा देतो. त्याला साईड देणं म्हणतात. साईड मिळाली की मागच्यानं बिनधास्त ओलांडून जायचं, आणि जाता जाता एक छोटा हॉर्न मारून आभार मानायचे. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण अनोळखी माणसावर इतका विश्वास आम्ही दुसरीकडे कुठेच ठेवत नाही. संयोगिताला गाडी मीच शिकवली आणि हेही मीच शिकवलं.

डिसेंबरात पहिला अपघात झाला. नानासो नावाचा एक निवृत्त शिपाई मोटरसायकलवरून वीरधवलच्या मागे होता. वळणावर तो अचानक ओलांडायला निघाला आणि समोरच्या टेम्पोवर आदळला. कंबर मोडली. सकाळचे साडेनऊ वाजले होते, स्वच्छ ऊन होतं. पांढऱ्या गाडीनं साईड दिली म्हणून मी निघालो, एवढं एकच तो दवाखान्यात सांगत राहिला. वीरधवलनं दांडीला हातही लावला नव्हता. ते गाळ्यावर आले आणि दिवे काढून टाका म्हणाले. मी दोन तास गाडी तपासली. स्विच, वायर, अर्थिंग, चिप, सगळं सुतासारखं सरळ होतं. दुखणाईत माणूस कुणावर तरी खापर फोडणारच, असं मी त्यांना समजावलं आणि गाडी तशीच परत पाठवली.

खरं कारण वेगळं होतं. दिवे काढणं म्हणजे माझ्या कामात खोट आहे हे कबूल करणं झालं असतं.

एकोणीस दिवसांनी त्याच रस्त्यावर एक जीप उसाच्या ट्रकखाली गेली. चालवणारा पोरगा तिथंच संपला. शेजारी बसलेली त्याची आई बनुबाई खरचटण्यावर वाचली. जीपच्या पुढे वीरधवलच होते. शिराळ्यात कुजबुज सुरू झाली की हा मास्तर मुद्दाम करतो. शाळेत पोरं त्यांच्याकडे बघून गप्प होऊ लागली. माझी विहीण धोंडुबाई बिरोबाचा भंडारा गाडीला लावून गेली, त्यावर मी हसलो.

वीरधवलसोबत मी बनुबाईंना भेटायला गेलो. घरात बसलेल्या बायका आम्हाला बघून उठून आत गेल्या. म्हातारीनं रडणं संपवलं होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती, भिंतीकडे बघून बोलत होती.

"माझ्या लेकाची काय चूक न्हाई. म्होरच्या गाडीचा दिवा आतनं भाईर पळाला. आमी असला दिवा कवा बघितला नव्हता. त्यो म्हणला, आये, साईड दिली, आन् निघाला."

पळता दिवा. हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. मी उठून बाहेर आलो आणि उन्हात उभा राहिलो तरी मला थंडी वाजत होती. पहिल्याच वेळी दिवे काढले असते तर तिचा पोरगा आज जेवायला घरी आला असता. त्या दिवशी हे मी स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं.

तरीही मला पुरावा हवा होता. खोड जात नाही. रविवारी दुपारी चार वाजता वीरधवलना मी पेठ नाक्यावर बोलावलं. त्यांच्या गाडीच्या इंडिकेटरचा फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. दांडी वर करून बघितली, खाली करून बघितली. दिवे मेलेले. मग त्यांना पुढे जायला सांगितलं आणि फोन चालू ठेवून मी माझ्या गाडीतून त्यांच्या मागे लागलो.

पहिले सहा किलोमीटर काही झालं नाही. उसाला तुरे आले होते. कुठेतरी गुऱ्हाळ चालू असावं, गुळाचा करपट गोड वास काच बंद असूनही आत येत होता. मला जरा हलकं वाटायला लागलं. परत आल्यावर जावयाला चहा पाजायचा आणि थोडी चेष्टा करायची, असं मी ठरवत होतो.

मग रस्ता डावीकडे वळू लागला आणि उजवा दिवा पेटला.

आतून बाहेर. एक, दोन, तीन, बारापर्यंत. विझला. पुन्हा आतून बाहेर.

माझ्या प्रोग्रॅमपेक्षा तो हळू चालला होता. एवढं मला कळलं.

"वीरधवल, दांडीला हात लावला?"

"न्हाई मामा. दोन्ही हात स्टेअरिंगवर हायत."

मी खिसा चाचपला. फ्यूज बोटांना लागला.

आणि हे सगळं माहीत असून माझा पाय खाली गेला. मी दाबला नाही, तो गेला. चाळीस वर्षांची सवय. माझी गाडी मधली रेघ ओलांडून बाहेर आली. पुढे रस्ता मोकळा आहे याची मला खात्री होती, डोळ्यांनी बघितल्यासारखी खात्री.

समोर एसटी होती.

गाडी परत आत कशी घेतली ते मला आठवत नाही. एसटीचा वारा दारावर आपटला. पुढे वीरधवल थांबले, मी थांबलो. खाली उतरलो तेव्हा दिवा विझला होता. काचेला हात लावला. ती गार होती.

तिथंच रस्त्याच्या कडेला मी दोन्ही दिवे उतरवले आणि वायरी पकडीनं तोडल्या. वीरधवल कडेच्या दगडावर बसून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी कंपनीचे साधे दिवे बसवले. माझे दिवे चिपसकट शेजारच्या भट्टीत टाकले आणि ते पाणी होईपर्यंत उभा राहिलो. ओतारी विचारत होता काय जाळताय, मी म्हणालो, भंगार.

त्यानंतर महिना शांत गेला. वीरधवल रोज गेले, रोज आले. कुणाला काही झालं नाही.

फेब्रुवारीत मी ठरवलं की बनुबाईंना जाऊन सांगायचं, तुमच्या पोराची चूक नव्हती, माझी होती. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. संयोगिता म्हणाली, मी येते, गाडी मी चालवते. तिला सगळं माहीत होतं. वाटेत तिनं मला ताण येऊ नये म्हणून मुद्दाम इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. माझ्या हातचं पिठलं कसं खारट होतं यावर तिनं पाच किलोमीटर काढले. सकाळचे अकरा वाजले होते.

पुढे उसाची ट्रॉली होती. अशा ट्रॉल्या या दिवसांत शंभर दिसतात. मोळ्या इतक्या लादलेल्या की ट्रॅक्टर दिसतच नव्हता. मागे नंबर नाही, दिवा नाही, लाल काचेचा तुकडासुद्धा नाही. नुसती फळी आणि तिच्यावर लोंबणारा पाला. मी सवयीनं वायर शोधली. वायरही नव्हती. त्यामुळे मला बरंच वाटलं. हिच्याकडून काही भीती नाही, असा विचार मी केला आणि डोळे मिटून बनुबाईंशी काय बोलायचं ते जुळवू लागलो.

माझा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. संयोगिता गेली. हे दोन शब्द लिहायला मला तीन आठवडे लागले.

फौजदार भला माणूस होता. पलंगाशेजारी बसून त्यानं विचारलं, ट्रॉलीला मागे दिवे होते का? नव्हते. ट्रॅक्टरवाल्यानं हात दाखवला का? तो पुढे बसलेला, दिसणार कसा? मग समोरून ट्रक येत असताना ताईंनी गाडी बाहेर का काढली? मला माहीत नाही, असं मी सांगितलं आणि त्याखाली सही केली. वीरधवलनाही तेच सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गिअर बदलल्याचा आवाज आला म्हणून मी डोळे उघडले होते. ती पुढे ट्रॉलीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. गाडी अर्धी बाहेर निघाली होती.

"आबा," ती म्हणाली, "ह्या ट्रॉलीला कवा बसवून दिलात दिवे? मला बोलला न्हाईसा."